इस्पितळी ज्वराची खानेसुमारी



मनुष्य इस्पितळांत जातो तो बरा होण्यासाठीं. परंतु ज्या रोगासाठीं तो गेला तो रोग हटावा, आणि इस्पितळाच्याच खाटेवर त्याला निराळा ज्वर जडावा, असा प्रकार जगांतील सर्व देशांत घडत आला आहे व आजहि घडतो. शस्त्रक्रिया यशस्वी झालेली असते. जखम भरत आलेली असते. घरचीं माणसें रोग्याला परत नेण्याच्या तयारीला लागलेलीं असतात. आणि पांचव्या-सहाव्या दिवशीं हुडहुडी भरून ताप चढतो. रक्तांत जंतु शिरलेले असतात, आणि ते पुष्कळदां इस्पितळांतच वाढलेले, तेथील औषधांशीं झुंजून निर्ढावलेले असे असतात. या ज्वराचा इतिहास आज थोडक्यांत आपणांपुढें ठेवावयाचा आहे. औषधांचा इतिहास पुष्कळांनीं सांगितला आहे. मला सांगावयाचा आहे तो हिशेबाचा इतिहास. कारण गेल्या पावणेदोनशें वर्षांत या ज्वरावर जे मोठे विजय मिळाले, त्यांच्या मुळाशीं कोणीतरी चिकाटीनें केलेली मोजदाद आहे. आणि जेथें मोजदादच नव्हती, तेथें हा ज्वर कोणाच्या लक्षांतहि आला नाहीं.

हा विषय केवळ मोठ्या शहरांचा आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. गोंदिया जिल्ह्यांत सडक अर्जुनी हें तालुक्याचें गांव आहे. त्याच जिल्ह्यांत मोरगांवनजीकची दुसरी एक अर्जुनी आहे. नागपुराहून रायपुराकडे जाणाऱ्या जुन्या सडकेवरची ती ही सडक अर्जुनी. एका अंगास नागझिऱ्याचें अरण्य, दुसऱ्या अंगास नवेगांवचें, मध्यें भाताचीं शेतें आणि तळीं. ती जुनी सडक आज राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 53 या नांवानें ओळखली जाते. गांवांत ग्रामीण रुग्णालय आहे. पण अडलेली बाळंतीण, अपुऱ्या दिवसांचें मूल किंवा अपघातांत सांपडलेला मनुष्य यांना गोंदियाच्या, 2016 सालीं सुरू झालेल्या, वैद्यकीय महाविद्यालयाकडे अथवा नागपुराकडे न्यावें लागतें. जो रोगी या सडकेनें मोठ्या इस्पितळांत जातो, तो त्याच सडकेनें घरीं परत येतो. आणि येतांना कधीं कधीं त्याच्या आंतड्यांत वा कातडीवर मोठ्या इस्पितळांतले जंतु बिऱ्हाड करून आलेले असतात. तेव्हां मुंबईच्या किंवा दिल्लीच्या इस्पितळांतील हिशेब हा सडक अर्जुनीच्या घराघराचाहि हिशेब आहे.

प्रथम हा ज्वर होतो कसा, तें पाहूं. आपल्या कातडीवर, नाकांत, आंतड्यांत असंख्य जंतूंची वस्ती असते. पण निरोगी मनुष्याच्या रक्तांत त्यांना थारा नसतो. कातडी हा शरीराचा तट शाबूत आहे तोंवर त्यांना आंत प्रवेश मिळत नाहीं. इस्पितळांत आपण रोग्याच्या हितासाठींच या तटाला दिंडी पाडतों. सलाईनसाठीं हाताच्या शिरेंत नळी बसवितों; लघवीसाठीं दुसरी नळी घालतों; आणि अत्यवस्थ रोग्याच्या मानेंतील किंवा गळपट्टीच्या हाडाखालील शिरेंतून थेट हृदयाच्या जवळपर्यंत पोहोंचणारी एक लांब नळी घालतों, तिला डॉक्टर मंडळी सेंट्रल लाईन म्हणतात. या नळीवाटें औषध जातें, पोषण जातें, रोग्याचे प्राण वाचतात. परंतु ती बसविणारा हात धुतलेला नसला, तिचें तोंड औषधानें पुसलेलें नसलें, किंवा गरज संपल्यावरहि ती तशीच राहिली, तर त्याच वाटेनें जंतु रक्तांत उतरतात. दीड किलो वजनाच्या अर्भकाला असा जंतु एका रात्रींत नेऊं शकतो.

इस्पितळांतील अशा ज्वराचा सर्वांत प्रसिद्ध हिशेब मांडला गेला तो व्हिएन्ना शहरांत. तेथील मोठ्या इस्पितळांत बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यांत वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुइणी शिकत. इस्पितळ एकच, शहर एकच, हवा एकच. असें असतां 1846 सालीं पहिल्या विभागांत 4010 बाळंतपणांत 459 स्त्रिया दगावल्या, म्हणजे शेंकडा 11.4, दुसऱ्या विभागांत 3754 बाळंतपणांत 105 दगावल्या, म्हणजे शेंकडा 2.8. हा फरक शहरांतील गोरगरीब स्त्रियांनाहि ठाऊक होता. पहिल्या विभागांत जाण्यापेक्षां रस्त्यांत बाळंत होणें त्या पत्करीत. इग्नात्स सेमेलवाइस नांवाच्या तरुण डॉक्टरला या दोन आंकड्यांनीं झोंप येऊं दिली नाहीं. हवा, गर्दी, अन्न, रोग्यांची भीति, अशीं एकेक कारणें त्यानें तपासून बाजूस सारलीं. 1847 च्या मार्चमध्यें त्याचा सहकारी कोलेत्श्का हा शवविच्छेदनाच्या वेळीं चाकू लागून मरण पावला. आणि त्याच्या शरीरांत जी विकृति आढळली, तीच सूतिकाज्वरानें मेलेल्या स्त्रियांत आढळत होती. मग उलगडा झाला. विद्यार्थी प्रेतें चिरून त्याच हातांनीं बाळंतिणींना तपासीत. सुइणी प्रेतांना शिवत नसत. त्याच वर्षीं मे महिन्यापासून सेमेलवाइसनें क्लोरीनच्या द्रावणानें हात धुण्याची सक्ति केली, आणि 1848 सालीं पहिल्या विभागांतील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा 1.27 वर आलें.

जंतूंमुळें रोग होतो हा सिद्धांत त्या काळीं अद्याप प्रस्थापित व्हावयाचा होता. म्हणजे कारणाचें पूर्ण ज्ञान नसतांहि केवळ दोन खोल्यांच्या हिशेबावरून सेमेलवाइस उपायापर्यंत पोहोंचला. तथापि हा हिशेब डॉक्टरांच्याच हातांकडे बोट दाखवीत होता, म्हणून पुष्कळांना तो रुचला नाहीं. त्याची नोकरी गेली, उपेक्षा झाली. 1865 सालीं वेड्यांच्या इस्पितळांत त्याचा अंत झाला, आणि तोहि जखमेंतील विष रक्तांत भिनून. त्यानंतर दोनच वर्षांनीं, 1867 सालीं, लिस्टरनें कार्बोलिक आम्लाच्या साहाय्यानें शस्त्रक्रियेची आपली नवी पद्धति प्रसिद्ध केली.

हिशेब एका इस्पितळांत ठेवून भागत नाहीं. तो सर्वत्र एकाच रीतीचा पाहिजे, हें ओळखलें फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिनें. दिवा घेऊन फिरणारी शुश्रूषिका म्हणून आपण तिला ओळखतों. पण तिच्या दुसऱ्या हातांत नोंदवही होती, हें विसरतों. क्रिमियाच्या युद्धांत सैनिक शत्रूच्या गोळीपेक्षां रोगानेंच अधिक मेले, हें तिनें आंकड्यांच्या चित्रांनीं राज्यकर्त्यांना पटवून दिलें. एक इस्पितळ एका रोगाला एक नांव देतें, दुसरें दुसरें नांव देतें. मग तुलना करावयाची कशी? म्हणून 1860 सालीं लंडन येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेपुढें, सर्व इस्पितळांनीं एकाच नमुन्याचे तक्ते भरावे, अशी योजना तिनें ठेवली. ती योजना तेव्हां फारशी चालली नाहीं. पण आज जगभर जी पद्धति रूढ होत आहे, तिचें बीज तेथें आहे.

आतां आपल्या मुंबईचें एक प्रकरण सांगतों. तें अगदीं इस्पितळांतलें नव्हे, परंतु उपचारावाटेंच शिरलेल्या जंतूचें आहे, आणि माग काढण्याच्या कामांत काय संकट असतें हें त्यावरून चांगलें कळतें. परळच्या प्लेग-संशोधन प्रयोगशाळेंत, जिला 1925 पासून हाफकिन संस्था म्हणतात, डॉ. हाफकिन यांची प्लेगची लस तयार होई. 30 ऑक्टोबर 1902 रोजीं पंजाबांतील मलकोवाल या खेड्यांत 107 माणसांना ती टोंचण्यांत आली. त्यांपैकीं 19 जण धनुर्वातानें मेले. सर्व देशांत हाहाकार झाला. चौकशी बसली; लस बनविण्याच्या पद्धतींत बदल केल्याचा ठपका ठेवून हाफकिन यांना दूर सारण्यांत आलें. परंतु हिशेब निराळेंच सांगत होता. त्या दिवशीं लसीच्या पांच बाटल्या फोडल्या होत्या, आणि दगावलेले सगळेच्या सगळे 19 जण एकाच बाटलींतून टोंचलेले होते. तिचा क्रमांक 53 एन्. बाटली फोडतांना सहाय्यकाच्या हातांतील चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो पुरता निर्जंतुक न करतां त्याच चिमट्यानें बूच काढलें होतें. म्हणजे विष मुंबईंत शिरलें नव्हतें; तें मलकोवालच्या मातींतून शिरलें होतें. कोणती बाटली कोणाला, ही नोंद होती म्हणूनच हें सिद्ध करतां आलें; तरी हाफकिन यांच्यावरील डाग पुसला जाण्यास 1907 साल उजाडावें लागलें. यावरून एक धडा घेण्यासारखा आहे. चौकशीचा हेतु गुन्हेगार शोधण्याचा असला म्हणजे सत्याला विलंब लागतो. जंतूची वाट शोधण्याचा असला म्हणजे तेंच सत्य लवकर हातीं येतें.

पुढें औषधांचें सुवर्णयुग आलें. 1928 सालीं फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला. 1941 च्या फेब्रुवारींत ऑक्सफर्ड येथें आल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला तें देण्यांत आलें. त्याच्या रक्तांत जंतु भिनले होते. चार-पांच दिवसांत तो आश्चर्यकारक रीतीनें सुधारला. परंतु साऱ्या जगांत औषधच तेवढें होतें. त्याच्या लघवींतून तें पुन्हां काढून वापरलें तरी पुरलें नाहीं, आणि मार्चमध्यें तो दगावला. पुढें कारखाने निघाले आणि पेनिसिलिन सुलभ झालें. याच वेळीं, 1945 च्या डिसेंबरांत नोबेल पारितोषिक स्वीकारतांना, फ्लेमिंग यांनीं बजावलें कीं, औषध अपुऱ्या मात्रेंत घेतलें तर जंतु मरावयाचे नाहींत, उलट तें पचविण्यास शिकतील.

हा इशारा खरा ठरला हें दाखविलें तेंहि एका हिशेबानेंच. लंडनच्या हॅमरस्मिथ इस्पितळांत मेरी बार्बर नांवाची स्त्री डॉक्टर रोग्यांच्या पुवांतील स्टॅफिलोकॉकस जंतु वर्षानुवर्षें तपासून टिपून ठेवीत होती. पेनिसिलिनला दाद न देणारे जंतु तिला 1946 सालीं शेंकडा 14, 1947 सालीं शेंकडा 38 आणि 1948 सालीं शेंकडा 59 आढळले. अवघीं तीन वर्षें, आणि इस्पितळ एकच! जंतु एकाएकीं शहाणे झाले होते असें नव्हे. लक्षावधि जंतूंत एखाददुसरा मुळांतच टणक असतो. औषध बाकीच्यांना मारतें आणि त्या एकाला सारें रान मोकळें करून देतें. जेथें औषध रात्रंदिवस वापरलें जातें आणि दुर्बळ माणसें शेजारीशेजारी निजलेलीं असतात, तें इस्पितळ म्हणजे अशा जंतूंची पेठच होय.

आपल्याकडे 1954 सालीं पुण्यानजीक पिंपरी येथें सरकारनें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना काढला, आणि पुढच्याच वर्षीं तेथें पेनिसिलिन निघूं लागलें. परदेशांतून आणावें लागणारें औषध देशांत तयार होऊं लागलें, ही अभिमानाची गोष्ट होय. अशा औषधांनीं किती बाळंतिणी, किती अर्भकें, किती जवान वांचले असतील, याची गणती नाहीं. परंतु औषध बनविण्याकडे जेवढें लक्ष गेलें, तेवढें जंतु मोजण्याकडे गेलें नाहीं. नवें औषध आलें, कीं थोड्याच काळांत त्याला न जुमानणारा जंतु आला. पेनिसिलिनला न जुमानणाऱ्यांसाठीं 1959-60 च्या सुमारास मेथिसिलिन आलें, तर 1961 सालीं इंग्लंडांत त्यालाहि पुरून उरणारा जंतु सांपडला. हीच कथा पुढें प्रत्येक औषधाच्या बाबतींत घडत गेली.

मोजण्यानें खरोखर कांहीं साधतें काय, असा प्रश्न कोणी विचारील. अमेरिकेंत 1970 सालीं अटलांटा येथील सरकारी रोगनियंत्रण केंद्रानें इस्पितळांतील संसर्ग मोजण्याची देशव्यापी योजना सुरू केली. आणि तिचा उपयोग होतो किंवा नाहीं हें पाहण्यासाठीं पुढें 338 इस्पितळांची पाहणी करण्यांत आली. तिचा निष्कर्ष 1985 सालीं प्रसिद्ध झाला. ज्या इस्पितळांनीं नेटानें मोजदाद केली, ती शस्त्रवैद्यांना दाखविली आणि प्रतिबंधाचे नियम पाळले, त्यांत संसर्ग शेंकडा 32 नें घटला. ज्यांनीं कांहींच केलें नाहीं, त्यांत तो शेंकडा 18 नें वाढला. पुढें मिशिगन राज्यांतील 103 अतिदक्षता विभागांत आणखी सोपा प्रयोग झाला. नवें औषध नाहीं, नवें यंत्र नाहीं. हात धुवावे, नळी घालतांना रोग्याला पुरतें झांकावें, कातडी क्लोरहेक्झिडीननें स्वच्छ करावी, होईल तों जांघेंतील शीर टाळावी, आणि नळीची गरज संपतांच ती काढावी, एवढे पांच नियम. त्यांबरोबर दर महिन्याला आंकडा जाहीर करावयाचा. 2006 सालीं फळ प्रसिद्ध झालें तें असें: दर हजार नळीदिवसांमागें सरासरी 7.7 संसर्ग होत होते, ते दीड वर्षांत 1.4 वर आले.

'नळीदिवस' हा शब्द मुद्दाम समजावून सांगतों, कारण साऱ्या हिशेबाचें मर्म त्यांत आहे. एका इस्पितळांत दहा रोग्यांना रक्तांतील ज्वर झाला आणि दुसऱ्यांत दोघांना, तर दुसरें चांगलें काय? तसें म्हणतां येणार नाहीं. पहिल्यांत पांचशें अत्यवस्थ रोगी असतील आणि दुसऱ्यांत वीसच असतील. म्हणून परिचारिका रोज एका ठराविक वेळीं खाटा मोजते: आज किती रोगी, आणि त्यांपैकीं कितींना सेंट्रल लाईन. दहा रोग्यांना पांच दिवस नळी असली कीं पन्नास नळीदिवस झाले. ज्वर आलेल्या रोग्याचें थोडें रक्त पोषक द्रवाच्या बाटलींत घालून उबेंत ठेवतात. त्यांत जंतु वाढले तर त्यांची जात ओळखतात आणि कोणतें औषध त्यांना मारतें, कोणतें मारीत नाहीं, हें पाहतात. याला डॉक्टर 'कल्चर' म्हणतात, आणि त्याला दोन-तीन दिवस लागतात. रोगी इस्पितळांत दाखल झाल्याच्या तिसऱ्या दिवसापासून पुढें उद्भवलेला संसर्ग इस्पितळाच्या नांवावर मांडावयाचा. त्यापूर्वींचा तो घरून आणलेला समजावयाचा. हे नियम रुक्ष वाटतात. पण असे नियम नसतील तर प्रत्येक इस्पितळ आपल्या सोयीचा हिशेब करील.

भारताला या हिशेबाची निकड एका धक्क्यानें पटली. भारतीय वंशाचा एक स्वीडिश नागरिक दिल्लींत इस्पितळांत राहून परत गेला. 2008 सालीं त्याच्या लघवींत क्लेब्सिएला जातीचा एक जंतु सांपडला. कार्बापेनेम वर्गाचीं औषधें ही आपली शेवटची फळी समजली जाते. तींहि या जंतूला निकामी करतां येत होतीं. त्याचें हें सामर्थ्य ज्या द्रव्यांत होतें, त्याला शास्त्रज्ञांनीं दिल्लीचें नांव दिलें: एन्.डी.एम्.-1. ही विद्या एका जातीचा जंतु दुसऱ्या जातीच्या जंतूला देऊं शकतो, हें आणखी भयंकर. 2010 च्या ऑगस्टमध्यें याविषयींचा मोठा निबंध प्रसिद्ध होतांच देशांत गहजब उडाला. भारताच्या बदनामीचा हा डाव आहे, असेंहि बोललें गेलें. परंतु त्याच्या आधींच, मार्च 2010 मध्यें, मुंबईच्या हिंदुजा इस्पितळांतील डॉक्टरांनीं आपल्याच इस्पितळाचा हिशेब भारतीय वैद्यकीय मासिकांत छापला होता. ऑगस्ट ते नोव्हेंबर 2009 या चार महिन्यांत कार्बापेनेमला दाद न देणारे असे 24 जंतु त्यांना सांपडले, आणि त्यांपैकीं 22 मध्यें हेंच द्रव्य होतें. नांव कोणाचें असावें हा वाद बाजूला ठेवला, तरी आजार घरांत आहे हें घरच्याच माणसांनीं सांगितलें होतें. झांकली मूठ सव्वा लाखाची, असें आपण म्हणतों. या डॉक्टरांनीं मूठ उघडली, हें त्यांचें मोठें काम होय.

त्यानंतर गोष्टी हालूं लागल्या. 2013 सालीं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनें औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंवर नजर ठेवणारें जाळें उभारलें. महाराष्ट्रांतून पुढें त्यांत मुंबईचें हिंदुजा इस्पितळ, पुण्याचें सैनिकी वैद्यकीय महाविद्यालय आणि विदर्भांतील सेवाग्रामचें महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान यांचा समावेश झाला. 2017 पासून दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या पुढाकारानें इस्पितळांतच जडणाऱ्या संसर्गांची एकाच रीतीनें मोजदाद होऊं लागली. पहिल्या दीड वर्षाचा हिशेब 26 इस्पितळांचा होता. त्यांत रक्तांतील संसर्गाचें प्रमाण नवजात अर्भकांच्या विभागांत सर्वांत अधिक, दर हजार नळीदिवसांमागें 20 हून जास्त निघालें. सर्वांत अधिक सांपडणारा जंतु क्लेब्सिएला होता, आणि रक्तांत सांपडलेल्या क्लेब्सिएलांपैकीं शेंकडा 72 कार्बापेनेमला दाद देत नव्हते. 2025 सालीं सात वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला: 54 इस्पितळांतील 200 अतिदक्षता विभाग, 9,77,052 नळीदिवस, आणि सेंट्रल लाईनमुळें झालेले रक्तसंसर्ग 8629, म्हणजे दर हजार नळीदिवसांमागें 8.83. मिशिगनमध्यें काम सुरू होण्यापूर्वीं जो आंकडा होता, त्याच्याहि किंचित् वर हा आहे. म्हणजे तेथें जें दीड वर्षांत साधलें तें येथेंहि साधण्यासारखें आहे, असा आशेचा अर्थ यांतून काढतां येतो.

परंतु येथेंच एक मोठा धोका आहे, आणि मला मुख्यतः तोच आपणांपुढें मांडावयाचा आहे. नोंदवहींतील शून्य दोन प्रकारचें असतें. एक शून्य संसर्ग नसल्याचें. दुसरें, कोणीं पाहिलेंच नसल्याचें. वहींत दोन्हीं सारखींच दिसतात. ज्या इस्पितळांत रक्ताचें कल्चर होतच नाहीं, तेथें रक्तांतील संसर्ग कधींच 'सिद्ध' होत नाहीं. तेथें रोगी 'तापानें' किंवा 'हृदय बंद पडून' मरतो, आणि वही स्वच्छ राहते. ज्या 54 इस्पितळांनीं आपले आंकडे दिले, तींच जगासमोर सदोष दिसतात. ज्या हजारों इस्पितळांनीं दिले नाहींत, तीं निष्कलंक दिसतात. आपण रोगी किंवा रोग्याचे आप्त म्हणून आंकडा सांगणाऱ्या इस्पितळाला दोष देऊं लागलों, वर्तमानपत्रें त्याच्यावर तुटून पडूं लागलीं, सरकार त्याला दंड करूं लागलें, तर दुसऱ्याच दिवशीं मोजदाद बंद पडेल, आणि मलकोवालची गोष्ट नव्यानें घडेल. उलट, मोजणाऱ्याचा मान राखला, आणि न मोजणाऱ्याला 'तुमची वही कोठें आहे?' असा प्रश्न केला, तर हळूहळू सर्वांनाच मोजणें भाग पडेल.

तालुक्याच्या रुग्णालयांत कल्चरची सोय सहसा नसते. मग तेथें हें कसें व्हावें, अशी शंका येईल. गोंदियाला लागूनच असलेल्या गडचिरोली जिल्ह्यांत याचें उत्तर पूर्वींच मिळालेलें आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनें तेथील 39 खेड्यांत गांवच्याच स्त्रियांना शिकवून तयार केलें. त्या प्रत्येक बाळंतपणाची व प्रत्येक अर्भकाची नोंद ठेवीत. लक्षणांवरून जंतुसंसर्ग ओळखीत. आणि 1996 च्या सुमारास त्या घरींच जेंटामायसिनचें इंजेक्शन देऊं लागल्या. उपचारापूर्वीं अशा संसर्गानें आजारी पडलेल्यांपैकीं शेंकडा 16.6 अर्भकें दगावत. उपचारानंतर तें प्रमाण शेंकडा 2.8 झालें. नवजात अर्भकांचा मृत्युदर हजारीं 62 होता, तो तीन वर्षांत 25 च्या आसपास आला. 1999 सालीं हा हिशेब जगापुढें आला. ज्या स्त्रियांचें शिक्षण बेताचेंच होतें, त्यांनीं ठेवलेल्या वह्यांनीं बड्या शहरांतील तज्ज्ञांना शिकविलें. तेव्हां मोजणें ही संगमरवरी प्रयोगशाळेचीच मिरास आहे, असें नाहीं.

याच गोष्टींत एक चिंतेचीहि बाब आहे. त्या झोंपड्यांत अर्भकें वांचलीं तीं जेंटामायसिन या जुन्या, स्वस्त औषधानें. मोठ्या शहरांतील नवजात विभागांत सांपडणाऱ्या पुष्कळ जंतूंवर आज हें औषध चालेनासें झालें आहे. इस्पितळांत निपजलेला जंतु खेड्यांत उतरला, तर खेड्यांतील त्या शिक्षित बाईच्या हातांतली सुई निरुपयोगी होईल. आणि तिच्यापाशीं दुसरी नाहीं. जगांत 2019 या एका वर्षांत औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळें सुमारें 12 लाख 70 हजार माणसें मेलीं, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्यांतील प्रत्येक मृत्यु टाळतां आला असता असें नाहीं. परंतु पुष्कळ टाळतां आले असते.

ग्रामीण रुग्णालयांतहि आजच करतां येण्याजोग्या गोष्टी आहेत. सलाईनची नळी कोणत्या तारखेला, कोणत्या वेळीं बसविली हें तिच्यावरच्या पट्टीवर लिहिणें. ती रोज पाहणें. रोगी तोंडानें औषध घेऊं लागतांच ती काढणें. दाखल झाल्यानंतर तिसऱ्या दिवसापासून पुढें कोणाला नवा ताप आला त्याची यादी ठेवणें. आणि वरिष्ठ इस्पितळांतून परत आलेल्या रोग्याच्या कागदांत कल्चरचा निकाल काय लिहिला आहे तें वाचून टिपणें. आपण सुशिक्षित कुटुंबांतील माणसें. आपल्यालाहि कांहीं कर्तव्य आहे. अशक्तपणा वाटतो म्हणून सलाईनचा आग्रह धरूं नये. सर्दी-पडशाला अँटिबायोटिक मागूं नये. घरचें माणूस अतिदक्षता विभागांत असेल तर नम्रपणें विचारावें: 'डॉक्टरसाहेब, ही नळी आज आवश्यक आहे काय? पहिला डोस देण्यापूर्वीं रक्त कल्चरला पाठविलें आहे काय?' आणि भेटीला गेल्यावर रोग्याच्या अंगावर हात फिरविण्यापूर्वीं तो हात साबणानें धुवावा. आपल्या घरांत बाळंतिणीच्या खोलींत शिरतांना हातपाय धुण्याची रीत आहेच. तीच रीत इस्पितळांत न्यावयाची आहे.

सेमेलवाइसपाशीं सूक्ष्मदर्शकाचा पुरावा नव्हता, नाइटिंगेलपाशीं अँटिबायोटिक नव्हतें, गडचिरोलीच्या स्त्रियांपाशीं प्रयोगशाळा नव्हती. त्या तिघांपाशीं होती ती वही, आणि तींत खरें लिहिण्याचें धैर्य. सडक अर्जुनीच्या रुग्णालयाची वही आणि नागपूर-मुंबईच्या मोठ्या इस्पितळांची वही ज्या दिवशीं एकाच रीतीनें भरली जाईल आणि दोन्हीं एकमेकांना दाखविल्या जातील, त्या दिवशीं या महामार्गावरून येणाऱ्या जंतूचा माग काढणें कठीण राहणार नाहीं. तोंपर्यंत कोणाच्या वहींत शून्य दिसलें, तर तें कोणत्या प्रकारचें शून्य आहे, एवढें विचारल्यावांचून आपण राहूं नये, इतकीच विनंति करून मी आपली रजा घेतों.